सुटकेसमधून आंबेनळीला

विमानतळाच्या काउंटरवर सायकलीला गिअर नसतात, ब्रेक नसतात, तिचा रंगही कुणी विचारत नाही. तिथं तिला फक्त लांबी, रुंदी, उंची आणि वजन असतं. पहिल्या तिन्हींची बेरीज १५८ सेंटिमीटरच्या आत आणि वजन २३ किलोच्या आत असलं, तर बहुतेक आंतरराष्ट्रीय विमानांत ती चारचौघींसारखी बॅग ठरते. १५८ म्हणजे ६२ इंच. नवी सायकल ज्या पुठ्ठ्याच्या खोक्यातून दुकानात येते, ते खोकं साधारण १४० सेंटिमीटर लांब, ८० उंच आणि २० रुंद असतं. बेरीज २४०. वरच्या या ऐंशीएक सेंटिमीटरांपायी क्रीडासाहित्याचं वेगळं शुल्क भरावं लागतं, मोठ्या सामानाच्या वेगळ्या खिडकीशी ताटकळावं लागतं आणि उतरल्यावर टॅक्सीवाला डिकीकडे आणि आपल्याकडे आळीपाळीनं बघत राहतो.

सुटकेसमध्ये मावणारी सायकल या बेरजेतूनच जन्माला आली. ती बनवणाऱ्यांनी दोन वाटा धरल्या. पहिली वाट सांगाडा मधोमध कापण्याची. नेहमीची मोठ्या चाकांची सायकल घ्यायची, तिच्या नळ्या कापून तिथं स्टेनलेस स्टीलचे आट्यांचे जोड बसवायचे आणि हवं तेव्हा तिचे दोन तुकडे करायचे. अमेरिकेतल्या ‘एस अँड एस’ या कंपनीचे जोड यासाठी प्रसिद्ध आहेत. त्यासाठीची पेटी २६ इंच बाय २६ इंच बाय १० इंच असते. बेरीज बरोबर ६२. पण मोठ्या चाकाचा टायरसकट व्यास जवळपास ६८ सेंटिमीटर आणि पेटी आतून त्याहून लहान. म्हणजे हवा सोडून टायर दाबल्याशिवाय चाक पेटीत जातच नाही. हिशेब इतका काटेकोर.

दुसरी वाट चाकंच लहान करण्याची. ब्रिटिश इंजिनिअर अ‍ॅलेक्स मोल्टन यांनी १९६२ मध्ये लहान चाकांची, रबरी सस्पेन्शनची सायकल बाजारात आणली आणि लहान चाक म्हणजे पोरांचं खेळणं हा समज मोडला. सत्तरच्या दशकात लंडनच्या अँड्र्यू रिची यांनी ब्रॉम्प्टनची घडी बसवली. घडी घातलेली ब्रॉम्प्टन ५८.५ बाय ५६.५ बाय २७ सेंटिमीटर, बेरीज १४२. लोकलनं ऑफिसला जाणाऱ्यांसाठी केलेली ही घडी विमानाच्या मापातही आपसूक बसली. खास विमानासाठी मात्र १९९२ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात, युजीन गावी अ‍ॅलन आणि हॅन्झ शोल्झ या भावांनी ‘बाइक फ्रायडे’ काढली. २० इंची चाकं, दुमडणारा मागचा भाग, सुटं होणारं हँडल, आणि हे सगळं साध्या कडक सुटकेसमध्ये. गंमत पुढंच आहे. तीच सुटकेस दोन चाकांच्या चौकटीवर ठेवली की सायकलीमागे ओढायची गाडी होते.

मराठी सायकलस्वारांनी विमानातून सायकली नेल्या त्या बहुतेक अख्ख्या, मोठ्या खोक्यांतून. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत दोघांच्या गटात पूर्ण केली, नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये ती एकट्यानं पार केली. वेदांगी कुलकर्णी हिनं २०१८ मध्ये सायकलवर पृथ्वीप्रदक्षिणा केली, ती सुमारे २९,००० किलोमीटरची. समुद्र आडवा आला की तिथं विमान, हे अशा प्रदक्षिणेत ओघानंच येतं. शर्यतीत सेकंदांची किंमत असते, तिथं खोक्याचं शुल्क ही किरकोळ बाब. सुटकेसवाली सायकल अशा लोकांसाठी नाही. मेलबर्नहून, दुबईहून किंवा बंगळुरूहून आठ-दहा दिवस गावी येणारा, आणि त्यातले चार दिवस तरी आपल्या डोंगरात पाय मारावेत असं वाटणारा माणूस हे तिचं खरं गिऱ्हाईक. महाड-पोलादपूरकडचा माणूस मुंबईत तर आहेच, आखातातही पुष्कळ आहे. त्याच्यासाठीच या प्रकरणातली उदाहरणं महाडची घेतली आहेत. शिवाय सुटकेसमधल्या सायकलीची खरी परीक्षा विमानतळावर होत नाही, ती घाटात होते.

आधी सायकल पेटीत भरू. पायडल काढताना डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, हे विसरलं की पान्ह्याला लोंबकळावं लागतं: डावं पायडल घड्याळाच्या दिशेनं फिरवलं की सुटतं. मागचा डेरेलर, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा तो नाजूक हात, सांगाड्यावरून सोडवून फडक्यात गुंडाळायचा. पेटी आपटली तर पहिल्यांदा वाकतो तो हाच. चाक काढल्यावर चिमट्याची दोन टोकं मोकळी राहतात. त्यांच्यात प्लॅस्टिकचा अडसर घालायचा. दुकानदार नव्या सायकलीतून काढलेले असे अडसर फेकून देतात, मागितले तर फुकट मिळतात. चेन वर्तमानपत्रात, सुटे नट एका पिशवीत आणि ती पिशवी सांगाड्यालाच बांधलेली. झाकणाच्या आत भरलेल्या पेटीचा फोटो चिकटवावा. सुरक्षा तपासणीत पेटी उघडली गेली तर उघडणाऱ्याला पुन्हा भरताना कळतं की कुठलं हाड कुठं होतं.

वजनाचं गणित मात्र नीट मांडायला हवं. सायकल साडेअकरा किलो, कडक सुटकेस पाच-सहा किलो, म्हणजे सतरा झाले. २३ किलोंत हत्यारं, पंप, दोन कपडे बसतात. पण भारतातल्या भारतात उडताना साध्या तिकिटावर चेक-इनला बहुधा १५ किलोच मिळतात. दुबई ते मुंबई सुखानं आलेली पेटी पुढच्या देशांतर्गत विमानात दोन किलोंसाठी अडते. दोन्ही प्रवास एकाच तिकिटावर असतील तर सहसा आंतरराष्ट्रीय मर्यादा लागू होते. तिकिटं वेगवेगळी काढली तर ती लागू होत नाही. म्हणून देशातल्या देशात फिरणाऱ्यांनी कडक पेटीऐवजी आतून फोम लावलेली जाड कापडी पिशवी घ्यावी, असं माझं मत आहे. तीन किलो तिथंच वाचतात.

काही वस्तू पेटीत नकोतच. पॉवर बँक आणि सुटी लिथियम बॅटरी केबिनमध्ये, हातातल्या पिशवीत. विजेवर चालणाऱ्या सायकलीची बॅटरी प्रवासी विमानाच्या १६० वॉट-तासांच्या मर्यादेत सहसा बसत नाही, त्यामुळे तो विषय तिथंच संपतो. पान्हे आणि अ‍ॅलन की याच्या उलट: त्या पेटीतच, केबिनमध्ये काढून घेतल्या जातील. पंक्चरच्या सोल्युशनची ट्यूब ज्वलनशील, ती घरी ठेवावी. चिकट पाठीची ठिगळं न्यावीत, सोल्युशन महाडच्या बाजारात मिळतं.

आता हवेचा प्रश्न. टायरमधली हवा सोडा, नाहीतर विमानात ट्यूब फुटेल, असं काउंटरवर हमखास सांगतात. मोठ्या विमानांत सामानाच्या कप्प्यातला दाब प्रवाशांच्या केबिनइतकाच राखलेला असतो, आणि तो समुद्रसपाटीपासून फार तर २,४०० मीटर उंचीवरच्या हवेइतका विरळ होतो. तिथं हवेचा दाब समुद्रसपाटीच्या पाऊण पट. म्हणजे बाहेरचा आधार पाव वातावरणानं, साडेतीन-पावणेचार पीएसआयनं कमी झाला. ६० पीएसआय भरलेल्या टायरला तो ६४ वाटेल, एवढंच. महाबळेश्वर साधारण १,३५० मीटरवर आहे. पोलादपूरहून तिथं पोचेपर्यंत बाहेरचा दाब दोन पीएसआयनं उतरलेला असतो. म्हणजे विमान जे करतं त्याच्या निम्म्याहून जास्त वाटेतला आंबेनळी घाट करतोच. तेवढ्यानं ट्यूब फुटत असत्या, तर महाबळेश्वरच्या स्टँडवर एकही एसटी धड पोचली नसती. तरी हवा सोडावी. काउंटरवर वाद घालून कुणाचं भलं झालेलं नाही, आणि मघाशी पाहिलं तसं, मऊ टायर पेटीत बसतोही नीट.

उतरायचं कुठं? मुंबईला, पुण्याला, किंवा आता खुद्द रायगड जिल्ह्यात. पनवेलजवळ उलव्याच्या नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झालं. तिथून महाड सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. मुंबई-गोवा महामार्गावरून पहिल्याच दिवशी सायकल हाणत यायचा मोह अनेकांना होतो. माझा सल्ला, नको. कंटेनर, डंपर आणि रात्रभर विमानात बसलेला माणूस यांची गाठ न पडलेली बरी. पेटी उघडू नये, तशीच कोकण रेल्वेनं वीर स्टेशनला आणावी आणि तिथून रिक्षानं महाडला. सुटकेसवाल्या सायकलीचा खरा फायदा इथंच. अख्ख्या सायकलीला मालडब्यात बुकिंग, पावती आणि विनवणी लागते. सुटकेस बाकाखाली सरकते. पुण्याहून आलात तर भोरमार्गे वरंधा घाट आहे, पण पावसाळ्यात दरडींमुळे तो वरचेवर बंद ठेवतात.

महाड हा तळ म्हणून फार सोयीचा गाव. पाचाड आणि रायगडाचा पायथा पंचवीसेक किलोमीटर, शिवथरघळ वरंध्याच्या बाजूला, गांधारपाल्याची लेणी गावालगत, दक्षिणेला पोलादपूर आणि त्या तालुक्यातलं तानाजी मालुसऱ्यांचं उमरठ. लॉजवाल्याशी बोलून रिकामी पेटी त्याच्याकडे ठेवायची आणि रोज एक फेरी करून परत यायचं. फक्त दोन तारखा सांभाळाव्यात. चवदार तळ्याचा सत्याग्रह २० मार्च १९२७ रोजी झाला, त्या दिवशी दरवर्षी महाडमध्ये हजारो लोक येतात. आणि ६ जूनला राज्याभिषेक दिनाला रायगडाकडे रीघ लागते. त्या दिवसांत खोली मिळणं मुश्कील, मग पेटीला कुठली जागा?

सगळ्या फेऱ्यांत मोठी आंबेनळीची. पोलादपूर ते महाबळेश्वर सुमारे ४० किलोमीटर, चढ १,३०० मीटर. वाटेत कुंभरोशीला प्रतापगडाचा फाटा. हिशेबानं दर शंभर मीटरला सव्वातीन मीटर चढ, पण हा सरासरीचा आकडा फसवा आहे; सुरुवातीचा सपाट भाग तो खाली ओढतो, खऱ्या घाटात चढ जास्त आहे.

लहान चाकांची सायकल अशा चढाला कुचकामी, असं बघणाऱ्यांना वाटतं. प्रत्यक्षात उलट. २० इंची चाकाचा परीघ टायरसकट दीड मीटरच्या थोडा वर, मोठ्या चाकाचा २.१ मीटर. पुढं ३० दातांचं चक्र आणि मागं ३२ दातांचं असेल, तर पायडलच्या एका फेरीत लहान चाकाची सायकल १.४३ मीटर पुढं जाते, मोठ्या चाकाची जवळपास २ मीटर. सहा टक्के चढ धरला, स्वार आणि सायकल मिळून ९० किलो धरले आणि मिनिटाला साठ फेऱ्या मारल्या, तर नुसतं वर चढण्यासाठी पहिल्याला ७६ वॉट लागतात आणि दुसऱ्याला १०६. पहिला ताशी पाच किलोमीटरनं जातो, दुसरा सातनं. म्हणजे लहान चाक हाच एक फुकटचा खालचा गिअर झाला. शर्यतीत तो तोट्याचा. सामान लादून, नोव्हेंबरच्या उन्हात, पन्नाशीच्या गुडघ्यांनी चढणाऱ्याला तो देवासारखा. सपाटीवर याची किंमत मोजावी लागते. तिथं वेग हवा तर पुढं ५२-५३ दातांचं मोठं चक्र लागतं, नाहीतर पाय नुसते गरगर फिरतात. खड्ड्यांतही लहान चाक मार खातं: मोठं चाक ज्या खड्ड्यावरून जातं, लहान चाक त्यात उतरतं. महाड-पोलादपूर तालुक्यांत वर्षाला ३,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि त्यानंतरचे रस्ते कसे असतात हे सांगायला नको. त्याला उपाय म्हणजे चाळीस मिलिमीटर किंवा त्याहून रुंद टायर आणि थोडी कमी हवा.

चढ सोपा, मग गोम कुठं? उतारात. ९० किलो वजन १,३०० मीटर खाली येतं तेव्हा साडेअकरा लाख ज्यूल ऊर्जा मोकळी होते. साडेतीन लिटर पाणी साध्या तापमानापासून उकळीपर्यंत न्यायला एवढी पुरते. उतारावर सायकल मोकळी सोडली तर यातली बरीचशी हवेच्या विरोधात जाते. पण आंबेनळीची वळणं मोकळी सोडू देत नाहीत, आणि जितकं हळू उतरावं तितका ब्रेकवरचा भार वाढतो. हे जरा विचित्र वाटेल, पण भित्र्या स्वाराचे ब्रेक जास्त तापतात. रबरी ठोकळे रिमवर घासणारे ब्रेक असतील तर ही उष्णता रिममध्ये जाते, आणि लहान चाकाच्या रिममध्ये धातू मोठ्या चाकाच्या दोन तृतीयांशच असतो. तेवढीच उष्णता कमी धातूत शिरली की तो लवकर तापतो. आत टेकलेली ट्यूब तापते, तिच्यातला दाब वाढतो, आणि विमानात न फुटलेली ट्यूब घाटात फुटू शकते. पुढच्या चाकाची फुटली तर वळणावर काय होईल ते सांगायला नको.

म्हणून घाटासाठी सायकल घ्यायची तर डिस्क ब्रेकची घ्यावी, पेटीत ती थोडी अडचणीची झाली तरी. रिम ब्रेक असतील तर ब्रेक सतत हलके दाबून ठेवू नयेत. वळणाआधी जोरानं दाबायचे, वळण घेतलं की सोडायचे, म्हणजे मधल्या वाऱ्यात रिम निवतं. पुढचा-मागचा दोन्ही वापरायचे. कुंभरोशीला चहाला थांबायचंच, तहान असो नसो. थांबल्यावर रिमला थेट बोट लावू नये. हात जवळ नेला तरी झळ कळते.

पंक्चर झालं तर? इथं २० इंची चाकांतही फरक पडतो. बाइक फ्रायडेसारख्या बहुतेक सायकलींना ४०६ मिलिमीटरचं रिम असतं, आणि आपल्याकडच्या मुलांच्या, २० बाय १.७५ किंवा २० बाय २.१२५ लिहिलेल्या टायरांच्या २० इंची सायकलींना तेच रिम लागतं. म्हणजे गावाकडच्या सायकल दुकानातली मुलांची ट्यूब परदेशी सायकलीला चालते. टायर जरा राकट मिळेल, पण घरी पोचवेल. ब्रॉम्प्टनचं चाक ३४९ मिलिमीटरचं. त्याची ट्यूब इकडं मिळण्याची आशा धरू नये, दोन बरोबर आणाव्यात. काही २० इंची चाकं ४५१ मिलिमीटरची असतात, त्यांना हे मुलांचे टायर बसत नाहीत. विकत घेण्याआधी टायरच्या बाजूवरचा बारीक आकडा वाचावा. व्हॉल्व्हचंही तसंच. मोटरसायकलसारखा जाड व्हॉल्व्ह असेल तर महामार्गावरच्या कुठल्याही पंक्चरवाल्याच्या मशीननं हवा भरता येते. रेसिंग सायकलीचा बारीक व्हॉल्व्ह असेल तर त्याच्याकडचं नोझल बसत नाही. पितळेचं छोटं अ‍ॅडॉप्टर खिशात हवं.

फेरी महाडला न संपवता पुढं गोव्याकडे जाणाऱ्यांची अडचण वेगळी: पेटीचं करायचं काय? बाइक फ्रायडेची पेटीची गाडी कागदावर सुरेख, पण कशेडी घाटात ती मागे ओढणं म्हणजे वर आणखी सात-आठ किलो. बोगदे झाल्यापासून वाहतुकीचा बराच भार तिकडं गेला आहे आणि जुना वळणांचा रस्ता सायकलीला बरा झाला आहे, तरी चढ तो चढच. इथले लोक सामान पुढं पाठवायला जे करतात तेच करावं: गोव्याला जाणाऱ्या ट्रॅव्हल्सच्या बसनं रिकामी पेटी पार्सल करून पणजीच्या मुक्कामी पाठवावी. कापडी पिशवी असेल तर तीही गरज नाही, ती घडी करून कॅरियरवर बांधता येते.

परत जाताना एक काम राहतं, ते ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडकडच्यांनी तरी टाळू नये. त्या देशांत बाहेरची माती, बिया, गवताची काडी आत येऊ देत नाहीत, आणि विमानतळावर सायकलीचे टायर, मडगार्ड, पायडलच्या खोबणी तपासतात. घाटातली लाल माती खाचाखोचांत जाऊन बसते आणि वाळल्यावर दगड होते. लॉजच्या मोरीत बादलीभर पाणी, जुना टूथब्रश आणि जरा साबण घेऊन बसावं. चाकाच्या तारा रिमला जिथं मिळतात ती जागा, चेनच्या मधल्या फटी, मडगार्डची आतली बाजू आणि सीटच्या खालचा कोपरा, एवढं नीट घासलं तरी पुरे. मग सायकल पूर्ण वाळू द्यावी, जोडांच्या आट्यांना ग्रीसचं बोट फिरवावं आणि पेटी बंद करावी. उतरताना भरायच्या कागदावर मातीत वापरलेलं क्रीडासाहित्य आहे, असं स्वतःहून लिहावं. लिहिलं तर तपासून सोडतात; न लिहिता सापडलं तर दंड होतो.